बँकेनं वाटलेले चांदीचे डॉलर: सालं ठरवण्याच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

इतिहास मंडळाच्या तळघरातलं खोकं घरी आणलं. विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावाचं हे मंडळ लहान आहे, आणि नाण्यांचा नाद असलेला त्यात मी एकटाच, त्यामुळे हे काम माझ्याकडे येणार हे ठरलेलंच होतं. आत तेवीस वस्तू. प्रत्येकात एक मोठं डॉलरचं नाणं आणि त्याभोवती कुठल्या ना कुठल्या बँकेचं नाव: घडीची पुठ्ठ्याची कार्डं, प्लॅस्टिकच्या चपट्या डब्या, मऊ प्लॅस्टिकची पाकिटं आणि ॲक्रिलिकचे दोन ठोकळे. खातं उघडा, चांदीचा डॉलर घ्या, अशा जमान्यातला हा माल. माझ्या गळ्यात पडलेलं काम एवढंच की प्रत्येक वस्तूपुढचा 'कधी वाटली' हा रकाना भरायचा. मे महिन्यात प्रदर्शन आहे.

आधी कुणीतरी केलेली यादी खोक्यातच सापडली. त्या रकान्यात १८८१, १९२१, १९२२, १८९६ अशी सालं आहेत, म्हणजे नाण्यावर दिसलं ते साल उतरवून घेतलंय. या हिशेबानं १८८१ साली एका बँकेनं प्लॅस्टिकच्या डबीत घालून डॉलर वाटला आणि डबीवर झिप कोड, म्हणजे अमेरिकेचा पिन कोडसुद्धा छापला. यादी टाकून देता येत नाही, कारण वस्तूंचे क्रमांक तिच्यावरच आहेत. तो रकाना मात्र पेन्सिलीनं आडवा खोडला.

नाण्यावरचं साल इथे एकच गोष्ट सांगतं: याच्या आधी नाही. पुढची सगळी माहिती कागदातून, प्लॅस्टिकमधून आणि बारीक छपाईतून काढायची.

१७ जानेवारी

सांगलीच्या काकांचा फोन होता. सहकारी बँकेत कॅशियर म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे त्यांना हे सगळं सांगावंसं वाटलं. त्यांचा पहिलाच प्रश्न: "अरे, चांदीचं नाणं फुकट? बँकेला परवडायचं कसं? आमच्याकडे फार तर बचतीची पेटी द्यायचे, तीही किल्ली बँकेत ठेवून."

"काका, त्यांना तो डॉलर एका डॉलरलाच पडायचा."

"म्हणजे छापील किमतीला? मग परवडतं."

हे नोंदवून ठेवतो, कारण पुढे लागणार आहे. चांदीचा डॉलर २६.७३ ग्रॅमचा, त्यात ९० टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी ०.७७३४ औंस. १९५० च्या दशकात चांदीचा भाव औंसाला नव्वद सेंटच्या आसपास होता. नाण्यात सत्तरेक सेंटची चांदी आणि किंमत एक डॉलर. फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेकडून हजार डॉलरची पोती छापील किमतीला मिळत. पश्चिमेकडचा भाग आणि नेवाडातले जुगारअड्डे सोडले तर रोजच्या व्यवहारात ही जड नाणी कुणाला नको असत, म्हणून ती तिजोऱ्यांत पडून राहिली होती. बँकेला याहून स्वस्तात इतकी भारदस्त भेट मिळणं शक्य नव्हतं. आणि गिऱ्हाइकाला तो डॉलर आवडला नाही, तर त्यानं त्याच खिडकीवर तो खात्यात भरावा!

हे चित्र पालटलं ते १९६२ ते ६४ मध्ये. १९६२ च्या नोव्हेंबरात ट्रेझरीकडून जुनी, कधी न उघडलेली पोती बाहेर येऊ लागली. त्यांत न्यू ऑर्लिन्स टांकसाळीचे १९०३ चे डॉलर निघाले, आणि शेकडो डॉलर किंमत असलेलं ते नाणं बघता बघता मातीमोल झालं. लोकांनी हाय खाल्ली नाही, उलट पोती न्यायला झुंबड उडाली. त्यातच चांदी वर चढत १.२९ डॉलरला पोचली. या भावाला नाण्यातली चांदी बरोब्बर एका डॉलरची होते. मार्च १९६४ च्या अखेरीस अर्थमंत्री डग्लस डिलन यांनी नोटांच्या बदल्यात चांदीचे डॉलर देणं थांबवलं. तिजोरीत तीसेक लाख उरले होते. त्यात बहुतांश कार्सन सिटीच्या टांकसाळीचे. ते पुढे सरकारनं १९७२ ते १९८० मध्ये स्वतः विकले.

म्हणजे मार्च १९६४ आधी वाटलेला डॉलर बँकेला एका डॉलरला पडला. त्यानंतर वाटलेला एक तर स्वतःच्या तिजोरीतल्या साठ्यातला, नाही तर व्यापाऱ्याकडून जास्त पैसे मोजून घेतलेला. दुसऱ्या प्रकारात भेटीमागे मोठ्या ठेवीची अट असण्याची शक्यता वाढते. कार्डांवरच्या अटी वाचताना हे ध्यानात ठेवायचं.

२१ जानेवारी

आज नाण्यांची नुसती वर्गवारी. डॉलरचे प्रकार तीन: मॉर्गन (१८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१), पीस (१९२१ ते २८, मग १९३४-३५) आणि आयसेनहॉवर (१९७१ ते ७८). तेवीसांतली निम्म्याहून जास्त १९२१, १९२२ आणि १९२३ ची. हे अपेक्षितच होतं, त्यामागचं कारण मात्र इथे कुणाला माहीत नसतं. प्रदर्शनात एक पाटी त्याचीही हवी, कारण त्या कारणाची वाट मुंबईतून जाते.

पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात लोक नोटा आणून चांदीचे रुपये मागू लागले आणि सरकारी तिजोरीतला रुपयांचा साठा तळाला गेला. ब्रिटननं अमेरिकेकडे हात पसरला. १९१८ च्या पिटमन कायद्यानं डॉलर वितळवायला परवानगी दिली. एकूण २७ कोटी २ लाख ३२ हजार ७२२ डॉलर मुशीत गेले. त्यातल्या २५ कोटी ९१ लाखांची चांदी औंसाला एक डॉलर भावानं हिंदुस्थानासाठी विकली गेली आणि तिचे मुंबई-कलकत्त्याच्या टांकसाळीत रुपये पडले. पंचम जॉर्जचे १९१८ ते २० चे रुपये आजही सराफांकडे सहज मिळतात ते उगाच नाही.

कायद्यात अट होती की जेवढे डॉलर वितळवले तेवढे अमेरिकी खाणीतली चांदी घेऊन परत पाडायचे. म्हणून सतरा वर्षं बंद असलेला मॉर्गन १९२१ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि त्या एका वर्षात ८ कोटी ६७ लाख पडले. १९२२ चे पीस डॉलर ८ कोटी ४२ लाख. व्यवहारात गरज नसताना पाडलेला हा ढीग चाळीस वर्षं पोत्यांत बसून राहिला. पुढे बँकांनी भेट म्हणून वाटला तो प्रामुख्यानं हाच ढीग.

(कितीतरी मॉर्गन रुपये होऊन घरोघरी मोडीत गेले असतील. आणि मी इथे उरलेल्यांची सालं लावत बसलोय.)

सुटी निघणारी नाणी तोलली. चांगली २६.७ च्या आसपास, झिजलेली २६.२ पर्यंत. बनावट एकही नाही.

२८ जानेवारी

कामाची खरी किल्ली सापडली, आणि ती कार्डाच्या तळाशी सहा पॉइंटच्या अक्षरात आहे. ठेव विम्याची रक्कम.

फेडरल ठेव विमा महामंडळ म्हणजे एफडीआयसी. सदस्य बँका जाहिरातीत आणि भेटवस्तूंवरसुद्धा विम्याची मर्यादा मोठ्या अभिमानानं छापत. ती मर्यादा कायद्यानं ठराविक वेळीच बदलली. १९३४ मध्ये आधी अडीच हजार, मग पाच हजार. १९५० मध्ये दहा हजार. ऑक्टोबर १९६६ मध्ये पंधरा. डिसेंबर १९६९ मध्ये वीस. नोव्हेंबर १९७४ मध्ये चाळीस. मार्च १९८० मध्ये एक लाख. बचत-कर्ज संस्थांचा विमा एफएसएलआयसीकडे असे, पण तिथेही हीच शिडी, आणि ती संस्था १९८९ मध्ये बंद झाली. म्हणजे 'एफएसएलआयसी' छापलेलं काहीही त्यानंतरचं नाही.

बारीक अक्षरात '१५,००० डॉलरपर्यंत विमा' दिसलं की वस्तू तीन वर्षांच्या खिडकीत बसली. इतकं नेमकं घड्याळ नाण्यांच्या क्षेत्रात क्वचित मिळतं.

भारतातही हेच करता येईल. १९६२ मध्ये ठेव विमा सुरू झाला तेव्हा मर्यादा दीड हजार रुपये होती. मग ५ हजार (१९६८), १० हजार (१९७०), २० हजार (१९७६), ३० हजार (१९८०), १ लाख (१९९३) आणि २०२० मध्ये ५ लाख. काकांना सांगितलं पाहिजे. त्यांच्याकडे जुन्या पासबुकांचं गाठोडं आहे.

तेवीसांपैकी नऊ वस्तूंवर रक्कम छापलेली आहे. बाकीच्यांवर नुसतं 'सदस्य, एफडीआयसी'. त्याचा उपयोग नगण्य.

४ फेब्रुवारी

दुसरं घड्याळ व्याजाचं. रेग्युलेशन क्यू या नियमानं बचत खात्यावर बँकांना जास्तीत जास्त किती व्याज देता येईल हे बांधून टाकलं होतं. १९३६ पासून अडीच टक्के. १ जानेवारी १९५७ पासून तीन. १९६२ पासून साडेतीन, वर्षभर न हललेल्या रकमेला चार. नोव्हेंबर १९६४ पासून सरसकट चार. जानेवारी १९७० मध्ये साडेचार, १९७३ मध्ये पाच, १९७९ मध्ये सव्वापाच.

इथे एक मेख आहे. हा दर कमाल आहे. कार्डावर तीन टक्के दिसले तर १९५७ आधीचं नाही एवढं पक्कं. पण १९६२ नंतरही एखादी सुस्त बँक तीनच देत असेल, तर त्याला कायद्याची आडकाठी नाही. विमा दोन्ही टोकं देतो, व्याज एकच देतं. शिवाय बचत-कर्ज संस्था १९६६ पर्यंत या नियमाबाहेर होत्या. त्यांच्या कार्डावर 'व्याज' न लिहिता 'लाभांश' असतो, तेव्हा त्यांना हा गज लावायचा नाही.

६ फेब्रुवारी

क्रमांक ७. आज बराच वेळ याच्याच मागे गेला.

साय-रंगाचं घडीचं कार्ड, मध्ये गोल खिडकी, खिडकीला दोन्ही बाजूंनी पातळ पारदर्शक पापुद्रा. आत १९२२ चा पीस डॉलर, टांकसाळीची खूण नाही म्हणजे फिलाडेल्फियाचा. स्वातंत्र्यदेवतेच्या गालावर पोत्यातल्या घासाघाशीच्या बारीक चिरा आहेत, झीज मात्र नाही. म्हणजे नाणं चलनात फिरलेलं नाही, पोत्यातून थेट कार्डात आलं. कडेला जिथे पुठ्ठा टेकतो तिथे काठाकाठानं सोनेरी-तपकिरी वर्तुळ उठलंय, आणि पुठ्ठ्यावर त्याच मापाचा उमटा. पुठ्ठ्यातल्या गंधकानं चांदीवर सावकाश केलेलं हे काम. नाणं आणि कार्ड अनेक वर्षं एकत्र होती याचा हा पुरावा, म्हणून ते काढून पुसायचं नाही. स्वयंसेवकांपैकी कुणाच्या हातात चांदीची पॉलिश दिसली तर हात धरायचा.

आता छपाई. व्याज ३ टक्के: १९५७ किंवा नंतर. विमा १०,०००: ऑक्टोबर १९६६ आधी. पत्ता 'मिलवॉकी २, विस्कॉन्सिन'. हा '२' म्हणजे मोठ्या शहरांसाठी १९४३ मध्ये आलेला टपाल विभाग. १ जुलै १९६३ ला झिप कोड आला आणि मिलवॉकी २ चं ५३२०२ झालं. आपल्याकडे 'मुंबई २८' चं १९७२ मध्ये ४०००२८ झालं आणि 'पुणे ३०' चं ४११०३०, तसंच. फोन नंबर 'ब्रॉडवे १' असा सुरू होतो, म्हणजे डायलवर २७१. अक्षरांचे नंबर १९५८ पासून हळूहळू हद्दपार झाले, पण गावोगावी वेगवेगळ्या वेळी आणि लोकांच्या कुरकुरीनंतर. फोनवरून साल ठरवू नये, पण बाकीच्याशी विसंगत नाही एवढं पाहावं.

बेरीज: १९५७ ते १९६३. आतल्या पानावर 'नव्या ड्राइव्ह-इन खिडकीच्या उद्घाटनानिमित्त' असं आहे. म्हणजे जाहिरात छापून आली असणार. जुन्या वर्तमानपत्रांची मायक्रोफिल्म बघावी लागेल.

११ फेब्रुवारी

आज किरकोळ कामं उरकली. दोन डब्यांवर '७५ वर्षे' आणि स्थापनेचं साल, दोन्ही छापलंय. बेरीज केली, सुटलं. एका पाकिटावर 'नाताळ १९६२' असं सरळ लिहिलंय. असे दाते सगळे असते तर माझी गरजच नव्हती.

क्रमांक ४ ची अवस्था वाईट. मऊ प्लॅस्टिकचं पाकीट, १९२१ चा मॉर्गन, आणि गरुडाच्या पंखांच्या खाचांत हिरवट चिकट थर. पीव्हीसीला मऊ ठेवायला घातलेलं द्रव्य वर्षानुवर्षं झिरपतं आणि धातू खातं. हे एकच नाणं बाहेर काढणं भाग आहे. दोन्ही बाजूंचे फोटो घेतले, मग शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवलं (नेलपॉलिश काढायचं नव्हे, त्यात तेल आणि सुगंध असतात), घासलं नाही, नुसतं निथळू दिलं. थर गेला. खाली एका पिसावर खड्डा पडलाय, तो राहणार. पाकीट वेगळ्या लिफाफ्यात, त्याच क्रमांकानं. साल पाकिटावरून ठरणार आहे, तेव्हा तेही तितकंच जपायचं.

१८ फेब्रुवारी

मिलवॉकीला जाऊन मायक्रोफिल्म पाहिली. १९५७ पासून सुरुवात केली, आणि ऑक्टोबर १९५८ च्या एका अंकात अर्ध्या पानाची जाहिरात: नवी ड्राइव्ह-इन खिडकी, गाडीतून उतरायची गरज नाही, त्या आठवड्यात नवं बचत खातं उघडणाऱ्या प्रत्येकाला 'चकचकीत चांदीचा डॉलर'. कार्डावरचं गाडीचं चित्र आणि जाहिरातीतलं चित्र एकच, एकाच ठशाचं. गाडीच्या मागच्या चाकापाशी तोच छोटा तुटलेला काप आहे. क्रमांक ७ पक्का: ऑक्टोबर १९५८.

फिल्म पुढे सरकवताना एक गोष्ट नजरेत भरली. १९५० च्या दशकात डॉलर 'चकचकीत' आहे, 'भक्कम' आहे, मुलांसाठी आहे. १९६४ नंतरच्या जाहिरातीत तोच डॉलर 'दुर्मिळ' होतो, 'संग्राह्य' होतो आणि पाचशे डॉलरच्या ठेवीला चिकटतो. तारीख नसलेल्या कार्डावरही हे शब्द बघता येतील. पक्का पुरावा म्हणून नव्हे, कल कुठे आहे ते कळायला.

२५ फेब्रुवारी

क्रमांक १२. खोक्यातली माझी सगळ्यात आवडती वस्तू, आणि दिसायला सगळ्यात गबाळी.

निळी-पांढरी कडक प्लॅस्टिकची डबी, पाठीमागे चिकटवलेला छापील कागद. काळ्या शाईत छापलंय, 'विमा १५,००० डॉलरपर्यंत'. त्या आकड्यावर जांभळ्या शाईचा रबरी शिक्का: २०,०००. शिक्का किंचित तिरका बसलाय आणि शेवटचं शून्य कागदाच्या काठाबाहेर प्लॅस्टिकवर गेलंय. भिंगातून पाहिलं की जांभळ्याखाली काळे १ आणि ५ अजून स्पष्ट वाचता येतात.

म्हणजे कागद छापला ऑक्टोबर १९६६ ते डिसेंबर १९६९ दरम्यान. मर्यादा वाढली २३ डिसेंबर १९६९ ला. डब्यांचा साठा शिल्लक, फेकायला जीव होत नाही, म्हणून कुणा कारकुनानं बसून एकेका डबीवर शिक्का मारला. वाटप त्यानंतरचं आणि नोव्हेंबर १९७४ आधीचं.

पण त्याच कागदावर दोन ओळी खाली 'बचतीवर ४ टक्के' आहे, आणि त्याला शिक्का लागलेला नाही. कमाल दर साडेचार झाला २१ जानेवारी १९७० ला. विमा दुरुस्त करणाऱ्यानं व्याज तसंच सोडलं, याचा अर्थ तेव्हा चारच खरा होता. बँकेनं इतरांसारखा लगेच दर वाढवला असेल, तर हा शिक्का २३ डिसेंबर ते २१ जानेवारी या महिनाभरातला आहे. वाढवला नसेल तर खिडकी मोठी. या बँकेच्या गावचं वर्तमानपत्र मिळालं तर दर तपासता येईल. तिथल्या ग्रंथालयाला पत्र टाकलं.

आतला डॉलर १९२३ चा, साधाच. १९७० मध्ये तो बँकेला एका डॉलरला पडला नसणार, आणि अट तशीच आहे: दोनशे डॉलरची नवी ठेव.

३ मार्च

ॲक्रिलिकचे ठोकळे, १५ आणि १६. दोन्हींवर 'सिल्व्हर डॉलर' अशी सोनेरी अक्षरं. दोन्हींत आयसेनहॉवर.

१५ मधला १९७२ चा, खूण नसलेला. ठोकळा आडवा धरून दिव्यासमोर कड पाहिली तर दोन पांढऱ्या थरांमध्ये तांब्याची लाल रेघ. चांदीचा अंशही नाही. नाणं वेगळं तोलता आलं असतं तर २२.६८ ग्रॅम भरलं असतं. १६ मध्ये १७७६-१९७६ असं दुहेरी साल आणि 'एस' खूण. कड करडी, लाल रेघ नाही. हा ४० टक्के चांदीचा, पूर्ण वजन २४.५९ ग्रॅमचा. सॅन फ्रान्सिस्कोनं 'एस' खुणेचे बिनचांदीचे प्रूफ डॉलरही (संग्राहकांसाठी खास पाडलेले) काढले, म्हणून नुसत्या खुणेवर विसंबू नये, कड बघावी.

पहिल्या बँकेनं गिऱ्हाइकाला फसवलं असं मी म्हणणार नाही. लोकांच्या तोंडी मोठा डॉलर म्हणजे 'सिल्व्हर डॉलर'च होता आणि अजूनही आहे. पण पाटीवर धातू स्पष्ट लिहिणार.

सालं: १५ साठी १९७२ ते १९७० च्या दशकाची अखेर. याहून बारीक करायला ठोकळ्यावर काहीही नाही. १६ साठी १९७५ ते ७६, कारण अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीचं नाणं त्या उत्साहातच वाटलं गेलं असणार. पुढचं टोक मात्र 'बहुधा' म्हणून.

१० मार्च

क्रमांक १९ नं मजा आणली. कार्ड ७ च्याच जातीचं: टपाल विभाग, विमा १०,०००, अक्षरी फोन. १९६३ आधीचं यात शंका नाही. आत १९७४ चा आयसेनहॉवर.

नाण्याचं साल 'याच्या आधी नाही' सांगतं आणि कार्ड 'याच्या नंतर नाही' सांगतं, आणि दोन्हींची गाठ पडत नाही. म्हणजे जोडी मूळची नाही. तिन्ही प्रकारच्या डॉलरांचा व्यास ३८.१ मिलिमीटर, त्यामुळे खिडकीत काहीही चपखल बसतं. पुठ्ठ्यावर तपकिरी वर्तुळ ठळक आहे, पण तांबे-निकेलच्या नाण्याच्या काठाला त्याची छाया नाही. पापुद्र्याची एक कड ब्लेडनं कापून सेलोटेपनं परत चिकटवलेली दिसते.

माझा अंदाज सांगतो, पुराव्याचा दावा नाही. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेली. जुन्या डॉलरमधली चांदी तेव्हा अडतीसेक डॉलरची झाली, आणि घराघरांतून चांदी मोडीला निघाली. कार्डाच्या मालकानं मूळ नाणं विकून खिडकी रिकामी नको म्हणून खिशातला डॉलर बसवला असेल.

याच कारणानं बाकीच्या सगळ्या कार्डांचे पापुद्रे आणि वर्तुळं पुन्हा तपासली. आणखी एक संशयास्पद निघालं, क्रमांक २१: उमटा गडद, आतला १८८० चा सॅन फ्रान्सिस्को मॉर्गन लखलखीत पांढरा. नाणं धुतलंय की बदललंय, सांगता येत नाही. दोन्ही शक्यता नोंदवल्या.

२४ मार्च

मंडळाच्या अध्यक्षबाईंनी यादी पाहिली. निवृत्त शिक्षिका, नजर तीक्ष्ण. त्यांना दोन गोष्टी खटकल्या. पहिली, काही वस्तूंपुढे एकच साल, काहींपुढे पंधरा वर्षांचा पल्ला, हे विस्कळीत दिसतं. सगळीकडे 'सुमारे १९६०' का नको? मी नाही म्हटलं. ७ ला महिना सापडलाय आणि १५ ला दशक, हा फरक लपवायचा कशाला? त्याऐवजी प्रत्येक पाटीवर साल कशावरून ठरलं ते एका ओळीत देऊ: विमा, व्याज, टपाल, जाहिरात. हे त्यांना पटलं.

दुसरी, क्रमांक १९ मध्ये एक साधा १९२२ चा पीस डॉलर बसवून द्यावा, मांडणी शोभेल. यावर थोडी खडाजंगी झाली. आणखी एकदा नाणं बदललं तर त्या कार्डाबद्दल ठाम सांगता येण्यासारखी एकमेव गोष्ट पुसली जाईल. शेवटी मतदान नको म्हणून त्यांनी माघार घेतली, पण पाटी मी लिहायची, आणि पाहणाऱ्याला ती चूक वाटता कामा नये, अशी अट घातली.

७ एप्रिल

१२ बद्दल ग्रंथालयाचं उत्तर आलं. त्या गावच्या साप्ताहिकात फेब्रुवारी १९७० च्या पहिल्या आठवड्यात बँकेची जाहिरात आहे, बचतीवर साडेचार टक्के. म्हणजे दर वाढला तो २१ जानेवारी आणि त्या अंकाच्या दरम्यान. यादीत लिहिलं: शिक्का डिसेंबर १९६९ अखेर ते जानेवारी १९७० अखेर. ग्रंथपालांनी स्वतःहून जोडलेल्या दुसऱ्या कात्रणात डॉलरचा उल्लेख नाही, पण 'साठा असेपर्यंत' ही ओळ आहे.

पाट्या लिहून झाल्या. १९ ची अशी:

'कार्ड: १९५० ते १९६३ (ठेव विमा १०,००० डॉलर, पत्त्यात टपाल विभाग, झिप कोड नाही). नाणं: १९७४, चांदीविरहित, नंतर बसवलेलं. मूळ नाणं चांदीचं होतं, पुठ्ठ्यावरचा डाग पाहा.'

छपाईला दिली.